शुक्रवारची रात्र, पॅरिसमधला संप : 'व्हाँद्रदी स्वार'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'व्हाँद्रदी स्वार' (म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ) हा क्लेर दनी या दिग्दर्शिकेचा २००२ सालचा फ्रेंच चित्रपट कुणाला सुचवला की ठरलेले प्रश्न येतात. काही पाहण्याआधीचे, काही पाहून झाल्यावरचे, तर काही अर्ध्यात बंद करून चिडून विचारलेले. तिन्ही तऱ्हांचे प्रश्न इथे घेतले आहेत. शेवट फोडणाऱ्या प्रश्नाच्या आधी तशी सूचना आहे.

गोष्ट काय आहे?

पॅरिस, थंडीचे दिवस, शुक्रवारची संध्याकाळ. लोर नावाची एक बाई आपल्या फ्लॅटमधलं सामान खोक्यांत भरते आहे. उद्या ती हे घर सोडून फ्रांस्वाकडे, आपल्या जोडीदाराकडे, कायमची राहायला जाणार. आज रात्री मित्रांकडे जेवण, एवढाच बेत. ती गाडी काढते आणि अडकते. सार्वजनिक वाहतुकीचा संप आहे, झाडून सगळे रस्त्यावर आलेत, गाड्या इंचाइंचाने सरकताहेत. रेडिओवरची निवेदिका सुचवते की पायी निघालेल्यांना गाडीत घ्या. लोर एका तरुणाला विचारून पाहते, तो नको म्हणतो आणि चालत निघून जातो. मग दुसराच एक माणूस तिच्या काचेवर टकटक करतो. त्याचं नाव झाँ. तो आत येऊन बसतो.

त्यानंतर गाडी, कॅफे, हॉटेलची खोली, पिझ्झेरिया, पुन्हा हॉटेल. मग उजाडतं.

काहीच घडत नाही असं ऐकलंय. खरं का?

कथानकाच्या हिशेबाने पाहिलं तर खरं. कुणाचा खून होत नाही, कुणाचं बिंग फुटत नाही, दार उघडून फ्रांस्वा आत येत नाही. तो तर पडद्यावर दिसतसुद्धा नाही.

पण घडण्याची मोजपट्टी इथे वेगळी आहे. ओले केस वाळवायला लोर गाडीच्या हीटरच्या झोतासमोर डोकं धरते. झाँ सिगरेट ओढतो. काचा चढलेल्या, बाहेर हॉर्न, आत ऊब. एका छोट्या गाडीत दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की हात कुठे ठेवायचे हासुद्धा प्रश्न होतो, आणि दनी त्या प्रश्नाला पुरेसा वेळ देते. माझ्या मते चित्रपटातला खरा प्रणय इथेच, गाडीत घडतो. हॉटेलात पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं.

संवाद फारच कमी आहेत. सबटायटलशिवाय चालेल?

जवळजवळ चालेल. सगळा मिळून मजकूर तुम्ही जेवता जेवता वाचून संपवाल. फक्त रेडिओवर काय सांगताहेत आणि लोर फोनवर काय बोलते तेवढं कळायला हवं, म्हणून सबटायटल लावा. उरलेलं चेहरे सांगतात.

हा संप खरा होता का?

चित्रपटात तारीख सांगितलेली नाही. पण फ्रेंच प्रेक्षकाला हे पाहताना १९९५ आठवणारच. त्या वर्षी नोव्हेंबरच्या १५ तारखेला पंतप्रधान आलँ ज्युपे यांनी सामाजिक सुरक्षा आणि निवृत्तिवेतन यांत बदल करणारी योजना जाहीर केली. २४ नोव्हेंबरपासून संप सुरू झाला तो डिसेंबरच्या मध्यापर्यंत रेंगाळला. रेल्वे बंद, पॅरिसची मेट्रो बंद, बस बंद. लोक सायकली काढून, चालत, कुणाच्याही गाडीला हात दाखवून कामावर जात होते. मे १९६८च्या विद्यार्थी-कामगारांच्या उठावानंतरचं सर्वात मोठं आंदोलन असं त्याचं वर्णन केलं जातं. निवृत्तिवेतनाच्या मुद्द्यावर सरकारने शेवटी माघार घेतली.

चित्रपटात यातलं राजकारण नाही. ना घोषणा, ना मोर्चा. संपाचा फक्त परिणाम आहे: शहराचं वेळापत्रक रद्द झालंय. कुणी कुठे किती वाजता पोचायचं हे आता कुणाच्याच हातात नाही, त्यामुळे उशिराबद्दल कुणी जाब विचारू शकत नाही. लोरला ती रात्र मिळते ती या सबबीमुळे. पावसात लोकल खोळंबली की डब्यातली गप्प माणसं एकमेकांशी बोलू लागतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे गोष्ट बोलण्यापुरती थांबत नाही.

झाँ आहे तरी कोण? काय करतो? लग्न झालेलं आहे का?

सांगितलेलं नाही. पाहून बाहेर पडलेला प्रत्येक दुसरा माणूस हे विचारतो, म्हणजे प्रश्न रास्त आहे. पण लोर विचारत नाही, हे ध्यानात घ्या. आपण तिच्या जागेवर बसलो आहोत, आणि तिला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं: जाड कोट, सिगरेट, दमलेले पण सावध डोळे, गाडीत बसल्या बसल्या स्वस्थ होण्याची तऱ्हा.

त्याची माहिती मिळाली असती तर प्रेक्षक म्हणून आपण लगेच न्यायाधीश झालो असतो. विवाहित असेल तर नालायक, विधुर असेल तर बिचारा, बेकार असेल तर संशयास्पद. दनी आपल्याला ती खुर्चीच देत नाही.

तो गाडी चालवू लागतो तेव्हा ती एवढी का घाबरते?

माझ्या दृष्टीने हा चित्रपटाचा कणा आहे, आणि बरेच जण तिथे मोबाइल बघत असतात.

लोर फोन करायला उतरते, मित्रांकडचं जेवण रद्द करते. पुढे स्टिअरिंग झाँच्या हातात येतं. तोवर सगळं गोगलगायीच्या गतीने चाललेलं असतं. झाँ मात्र कोंडीतून गाडी बाहेर काढतो आणि मोकळ्या गल्ल्यांतून भरधाव सोडतो. क्षणात ओळखीचं शहर अनोळखी होतं. आपण कुणाला गाडीत घेतलं, हा प्रश्न तिला तेव्हा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पडतो. ती थांबवायला सांगते. तो थांबवतो आणि उतरून निघून जातो.

इथे दोन गोष्टी होतात. एक, तिचं भय खोटं ठरवलं जात नाही. रात्री अनोळखी पुरुषाबरोबर गाडीत असलेल्या बाईला भीती वाटणं साहजिक आहे, चित्रपट त्याला हसत नाही. दुसरी, तिने थांब म्हटल्यावर तो खरोखर थांबतो. या दोन गोष्टींनंतर ती स्वतः त्याला शोधायला निघते. तिथून पुढचं सगळं तिच्या निवडीने होतं. ही मधली दहा-पंधरा मिनिटं काढून टाकली असती तर उरलेला चित्रपट केवळ एका पुरुषाचं स्वप्नरंजन झाला असता.

ती फ्रांस्वाला फसवतेच आहे ना?

हो. दुसरं काय म्हणणार?

मात्र चित्रपट त्या प्रश्नावर थांबत नाही. लोर रडत नाही, आरशासमोर उभी राहून स्वतःला दोष देत नाही, आणि 'माझ्या नात्यात काय कमी होतं' याचं स्पष्टीकरणही देत नाही. फ्रांस्वा वाईट माणूस आहे असं सुचवणारी एकही खूण नाही. ज्या प्रेक्षकांना कारण हवं असतं त्यांना हे फार खुपतं. पाहणारी मंडळी जमली की वाद याच मुद्द्यावर पेटतो, आणि गंमत म्हणजे पुरुष तिच्या बाजूने तर बायका तिच्या विरोधात, किंवा उलट, अशी सरळ विभागणी कधीच होत नाही.

एवढं मात्र लक्षात घ्यावं की त्या रात्री लोरचं घर नाही. जुनं घर खोक्यांत गेलंय, नवं अजून तिचं झालेलं नाही. तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यातली एकही किल्ली त्या रात्री तिची अशी नाही. हे समर्थन म्हणून सांगत नाही. दिग्दर्शिकेने ही एकच रात्र का निवडली, ते यातून कळतं.

घरच्यांसोबत पाहता येईल का?

मुलांसोबत नको. प्रणयदृश्यं आहेत आणि ती लांब आहेत. उघडेपणा मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी: थंडी आहे, कपडे बराच वेळ अंगावर राहतात, कॅमेरा बोटं, मान, कापडाची घडी यांच्या इतका जवळ जातो की कधी कधी काय दिसतंय हेच चटकन उमगत नाही. सासूबाईंसोबत बसायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

कॅमेरा इतका जवळ का? कधी कधी नीट दिसतही नाही.

छायाचित्रण आन्येस गोदार यांचं आहे. दनीच्या बऱ्याचशा चित्रपटांमागे त्यांचीच नजर आहे. दनीच्याच 'बो त्राव्हाय'च्या छायाचित्रणासाठी त्यांना सेझार, म्हणजे फ्रान्सचा मानाचा चित्रपट पुरस्कार, मिळाला. इथे अंधार जसाच्या तसा ठेवलाय. रस्त्यावरचे दिवे, समोरच्या गाडीचे लाल टेललाइट, कॅफेची पिवळी काच, एवढ्या उजेडात जे दिसेल ते दिसेल.

चित्रपट ज्या कादंबरीवर आहे ती लिहिणारी बाई, दिग्दर्शन करणारी बाई, कॅमेरा धरणारी बाई, आणि संकलन करणारी नेली केतिए हीसुद्धा बाई. याचा परिणाम हॉटेलातल्या दृश्यांत स्पष्ट जाणवतो. लोरचं शरीर आपल्यापुढे मांडून ठेवलेलं नाही. तिला काय जाणवतं, ऊब कुठे लागते, खरखरीत काय आहे, ते दिसावं अशी खटपट आहे. पडद्यावर स्पर्श दाखवणं अवघड काम, कारण पडद्याला त्वचा नसते. गोदार ते जवळ जाऊन साधतात. सुरुवातीला मात्र त्याच कॅमेऱ्याने पॅरिसची छपरं आणि एकेक करून लागणारे दिवे लांबून दाखवलेले असतात. तेवढा एकदाच काय तो मोकळा श्वास.

मधेच गाडीवरची अक्षरं नाचतात, पिझ्झा हसतो. हे काय प्रकरण?

चूक नाही, तुमच्या प्रिंटमध्ये बिघाडही नाही. कोंडीत बसून बसून कंटाळलेल्या माणसाचं डोकं जे खेळ करतं तेच पडद्यावर आलंय. पुढच्या गाडीच्या पाठीवरची अक्षरं हलतात, पिझ्झ्यावरच्या तुकड्यांतून हसरा चेहरा तयार होतो. एकदोन सेकंदांचे हे खट्याळ खेळ आहेत आणि अशा गंभीर चेहऱ्याच्या चित्रपटात ते अचानक येतात म्हणून गोड वाटतात. लोर मनातून मजेत आहे, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कशाने सांगता आलं असतं?

पिझ्झेरियात झाँ त्या दुसऱ्या मुलीच्या मागे खरंच जातो का?

ते लोरच्या मनातलं आहे असंच मी धरतो. शेजारच्या टेबलावर एक जोडपं धुसफुसतंय, झाँची नजर तिकडे जाते, आणि पुढचं चित्र लोरचं डोकं रंगवतं. जेमतेम काही तासांची ओळख आणि मत्सर मात्र जुन्या संसाराचा! नाचणारी अक्षरं आधी पाहिली असतील तर हे दृश्य कोणत्या खात्यात टाकायचं ते आपसूक कळतं.

संगीत कुणाचं?

डिकन हिंचलिफ यांचं. ते टिंडरस्टिक्स या इंग्लिश बँडमध्ये होते. या बँडने दनीसाठी आधीही काम केलं होतं. इथे मुख्यतः तंतुवाद्यं आहेत, आणि ती येतात तेवढीच येतात. उरलेला वेळ इंजिनांची घरघर, वायपर, पावलं. हेडफोन लावून पाहिलात तर बरं.

कलाकार ओळखीचे वाटतात. आधी कुठे पाहिलेत?

व्हॅलेरी लमेर्सिए फ्रान्समध्ये विनोदी नटी म्हणून घराघरांत ठाऊक आहे. 'ले व्हिझितर' या १९९३च्या तुफान चाललेल्या विनोदी चित्रपटासाठी तिला साहाय्यक अभिनेत्रीचा सेझार मिळाला. पुढे २०२१मध्ये तिने 'आलीन' हा चित्रपट दिग्दर्शित केला, त्यात मुख्य भूमिकाही केली आणि अभिनेत्रीचा सेझार घेतला. लोरच्या भूमिकेसाठी तिला निवडणं हा धाडसी निर्णय होता आणि तो अचूक लागला. हसवणाऱ्या नटीला टायमिंग कळतं. इथे ते टायमिंग तिने गप्प राहण्यासाठी वापरलंय. पापणी कधी उचलायची हे तिला नेमकं ठाऊक आहे.

झाँ झालेला व्हॅन्सॉं लॅन्दॉं तर आता फ्रेंच सिनेमाचा खांबच. २०१५ साली कान महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. दनीच्या आणखी काही चित्रपटांतही तो आहे. लोरला नकार देऊन चालत जाणारा तरुण म्हणजे ग्रेग्वार कोलँ. दनीच्या चाहत्यांना तो लगेच ओळखू येतो आणि ते गालातल्या गालात हसतात.

मूळ कादंबरी वाचावी का?

फ्रेंच येत असेल तर जरूर. एमान्युएल बर्नहाइम यांची त्याच नावाची छोटेखानी कादंबरी १९९८ साली आली. बर्नहाइमना १९९३मध्ये मेदिसी हा फ्रान्समधला साहित्य पुरस्कार मिळाला होता. फ्रांस्वा ओझों या दिग्दर्शकासाठीही त्यांनी पटकथा लिहिल्या. २०१७मध्ये त्या गेल्या. वाक्यं आखूड, विशेषणं जवळपास नाहीत. दनी आणि बर्नहाइम यांनी पटकथा मिळून लिहिली आणि लोरच्या मनातलं बोलणं निवेदनाच्या आवाजात ऐकवण्याचा मोह टाळला. एखाद्या भिडस्त दिग्दर्शकाने तो आवाज नक्की घातला असता आणि चित्रपट तिथेच बसला असता.

मला प्रचंड कंटाळा आला. माझं काही चुकतंय का?

नाही. हा चित्रपट सगळ्यांसाठी नाही आणि आवडला नाही म्हणून कुणी अरसिक ठरत नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं नुसती वाहतूक कोंडी आहे. दिवसभर तसल्याच कोंडीतून घरी येऊन पुन्हा तीच पडद्यावर बघायची, हे प्रत्येकाने का सोसावं?

एक सुचवू का? रात्री, दिवे मालवून, एका बैठकीत पाहा. दीड तासाचा तर आहे. तुकड्या-तुकड्यांत पाहिला तर हातात काही लागत नाही, कारण हा चित्रपट घटनांवर चालत नसून हळूहळू वाढत जाणाऱ्या उबेवर चालतो. मधे उठलात की ती निवते. त्यातूनही नाही रुचला तर सोडून द्या.

शेवटी काय होतं? (पाहिला नसेल तर हा प्रश्न ओलांडा.)

झाँ झोपलेला असताना लोर उठते आणि निघते. निरोप नाही, चिठ्ठी नाही, फोन नंबर नाही. रस्त्यावर आल्यावर ती धावू लागते आणि धावता धावता हसते. चित्रपट तिथे संपतो.

यावर दोन तट आहेत. काहींच्या मते ती फ्रांस्वाकडे, ठरलेल्या आयुष्याकडे परत पळते आहे. इतरांच्या मते ते हसू सांगतं की ती आता कुठेही जाऊ शकते. मला दुसऱ्या तटाचं म्हणणं थोडं भाबडं वाटतं. सामानाची खोकी भरलेली आहेत, शनिवार उजाडलाय, बहुधा ती ठरल्याप्रमाणेच वागेल. पण ती शिक्षा झाल्यासारखी परतत नाही, आणि अशा कथांत बाईला शेवटी काही ना काही भोगायला लावायची जी जुनी खोड सिनेमाला आहे, ती इथे मोडलेली आहे. तेवढं मला पुरतं.

दोघं पुन्हा भेटले असतील का?

भेटले असते तर दुसरा चित्रपट निघाला असता, आणि तो मी पाहिला नसता.

हीच गोष्ट आज घडली असती का?

अवघड आहे. लोर मित्रांना फोन करायला गाडीतून उतरून टेलिफोन बूथ शोधते. आज खिशातला फोन दर दोन मिनिटांनी विचारेल, कुठे पोचलीस? नकाशा कोंडीतून वाट काढून देईल, लोकेशन फ्रांस्वाला दिसत असेल, आणि अनोळखी माणूस गाडीत घ्यायचा तर आधी त्याला किती तारे मिळालेत ते पाहू. हरवायला आता मेहनत करावी लागते. लोरला ते काही न करता साधलं.

क्लेर दनीचं आणखी काय पाहावं, आणि कोणत्या क्रमाने?

दनीचा जन्म १९४६चा, बालपण आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत गेलेलं. व्हिम व्हेंडर्स आणि जिम जारमुश या दिग्दर्शकांकडे साहाय्यक म्हणून काम करून १९८८मध्ये 'शोकोला'ने तिने स्वतःची सुरुवात केली. 'व्हाँद्रदी स्वार'च्या आदल्याच वर्षी तिने रक्तमांसाने माखलेला, कान महोत्सवात गदारोळ उडवणारा 'ट्रबल एव्हरी डे' केला होता. दोन्ही एकाच बाईचे आहेत यावर विश्वास बसत नाही. हा आवडला म्हणून भाबडेपणाने तो लावाल तर पस्तावाल, हे आधीच सांगून ठेवतो.

त्यापेक्षा २००८चा '३५ रम' घ्या. लोकल गाडीचा मोटरमन बाप आणि त्याची मोठी झालेली मुलगी, पॅरिसच्या उपनगरातलं घर, राइस कुकर. मुंबईकराला तो कदाचित यापेक्षाही जवळचा वाटेल. त्यानंतर १९९९चा 'बो त्राव्हाय', पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीच्या उन्हात कवायत करणाऱ्या, परदेशी सैनिकांच्या फ्रेंच पलटणीचा. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०२२च्या मतदानात समीक्षकांनी तो सर्वकालीन चित्रपटांत सातवा ठरवला.

दनी नको, पण अशीच चुटपुट लावणारी फ्रेंच प्रेमकथा हवी असेल तर?

स्तेफान ब्रिझे यांचा २००९चा 'मादमोआझेल शाँबों'. इथेही लॅन्दॉंच आहे, गवंडी झालेला. मुलाच्या शाळेतल्या बाईंवर त्याचा जीव जडतो आणि दोघांनाही पुढे काय करावं ते कळत नाही. कथानक जास्त सरळ आहे, संवाद पुरेसे आहेत, आणि घरच्यांसोबत पाहायला तो बराच सोयीचा. आधी तो पाहून मग 'व्हाँद्रदी स्वार'कडे आलात तरी चालेल. लॅन्दॉंच्या गप्प बसण्याची सवय झालेली असेल.